क्यूआर कोड कोणाच्या नावावर आहे?

जुलै २०२५ मध्ये बंगळुरूच्या चहाच्या टपऱ्यांवर, बेकऱ्यांत आणि भाजीच्या गाड्यांवर एकाएकी पाट्या लागल्या. यूपीआय नाही, फक्त रोख. कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआय चालवणाऱ्या कंपन्यांकडून २०२१-२२ ते २०२४-२५ या चार वर्षांचा तपशील मागवला होता. ज्यांच्या खात्यात जीएसटी नोंदणीच्या मर्यादेहून जास्त पैसे आले होते, अशा हजारो छोट्या दुकानदारांच्या हातात नोटिसा पडल्या. हावेरीच्या एका भाजीविक्रेत्याची बातमी तर सगळ्यांनीच पाहिली असेल. चार वर्षांत खात्यावर १ कोटी ६३ लाख रुपये जमा झाले, म्हणून २९ लाखांची नोटीस. ताज्या भाजीवर मुळात जीएसटीच नाही! व्यापाऱ्यांनी २५ जुलैला बंदची हाक दिली. २३ तारखेला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी व्यापाऱ्यांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले. जुनी थकबाकी वसूल करणार नाही, असे त्यांनी सांगितले आणि त्याच बैठकीत हेही बजावले की मर्यादा ओलांडली असेल तर नोंदणी करावीच लागेल.

बातमी तेवढ्यावर विरली. पण आपल्या भागातल्या घरांसाठी ती विरण्यासारखी नाही. मादन हिप्परगा, आळंद, बसवकल्याण, भालकी या पट्ट्यातल्या आपल्या कित्येक घरांत एक पिढी दुकानावर बसते आणि दुसरी पुण्यात, हैदराबादेत नाहीतर बंगळुरूत नोकरी करते. गल्ल्याशेजारी चिकटवलेला तो काळा-पांढरा चौकोन बहुतेक ठिकाणी दुसऱ्या पिढीने लावून दिलेला आहे. दिवाळीला गावी आल्यावर दहा मिनिटांत ॲप घातले, खाते जोडले, एक रुपया पाठवून पाहिला, झाले. प्रश्न एवढाच की जोडलेले खाते कोणाचे आहे?

वडिलांचा मोबाइल नंबर बँकेत जुना होता म्हणून मुलाचे खाते जोडले, किंवा काकांचे बचत खाते जोडले, किंवा वहिनीचे जोडले कारण तिचा फोन स्मार्ट होता. घरात हे चालते. आपल्याकडे पैसा घराचा असतो, एकट्याचा नसतो. कराच्या दृष्टीने मात्र प्रत्येक खात्यामागे एक पॅन असतो आणि संगणकाला घर दिसत नाही, पॅन दिसतो. मी रोज असलेच तक्ते जुळवण्याचे काम करतो, म्हणून सांगू शकतो की त्या यंत्राला आत्याने लग्नाच्या आहेराचे पाठवलेले पाच हजार आणि खताच्या पोत्याचे आलेले पाच हजार यांत काही फरक कळत नाही. दोन्ही जमा. किराणा, भावाचे मोबाइल दुरुस्तीचे टेबल आणि वहिनीचे शिवणकाम असे तिन्ही एकाच क्यूआर कोडवर येत असेल, तर बाहेरून ती एकाच माणसाची उलाढाल दिसते. वेगवेगळी पाहिली तर तिन्ही मर्यादेच्या आत, एकत्र केली तर बाहेर. आणि खाते पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचे असेल तर खुलासा त्यालाच करावा लागतो की हा धंदा माझा नाही, वडिलांचा आहे.

म्हणून पहिले काम हेच. दुकान ज्याच्या नावावर, त्याच्याच नावाचे चालू खाते, त्याचाच क्यूआर कोड. घरातले देणेघेणे त्यावर नको. दुकानाच्या खात्यातून घरखर्चाला पैसे काढायला काहीच हरकत नाही, फक्त ते "घरखर्च" म्हणून लिहून काढावेत.

आता मर्यादा. फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाख, सेवा देणाऱ्याला २० लाख. ४० लाख ऐकायला फार मोठे वाटतात, पण ३६५ने भागून पाहा: रोज साधारण ११ हजार. बाजारपेठेतल्या बऱ्यापैकी किराणा दुकानाचा गल्ला तेवढा होतो. हावेरीच्या त्या भाजीवाल्याचे १ कोटी ६३ लाख चारने भागले तर वर्षाला ४० लाख ७५ हजार येतात, म्हणजे सरासरीने तो रेषेच्या जेमतेम पलीकडे होता. चहा-नाष्ट्याचे हॉटेल सेवेत धरले जाते, त्यामुळे तिथे २० लाख, म्हणजे रोज साडेपाच हजारच. किराण्याला जोडून झेरॉक्स किंवा दुरुस्ती असेल तर "फक्त माल" ही अट मोडते आणि तिथेही २० लाखच धरायचे.

इथे एक खोच आहे आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते. फक्त करमुक्त मालच विकत असाल, म्हणजे ताजी भाजी, फळे, सुटे धान्य, तर उलाढाल कितीही होवो, जीएसटी नोंदणीची गरज नाही. पण त्याच दुकानात बिस्किटे, साबण, तेल आले की करमुक्त मालाची विक्रीसुद्धा ४० लाखांच्या मोजणीत धरली जाते. वर्षाला ३६ लाखांची सुटी ज्वारी आणि डाळ विकणारा माणूस ५ लाखांचा साबण-तेलाचा कोपरा उघडतो, तेव्हा तो ५ लाखांचा नव्हे, ४१ लाखांचा व्यापारी होतो. कर लागेल तो साबण-तेलावरच, पण नोंदणी अख्ख्या दुकानाची.

डाळीचे तर आणखी गमतीदार आहे. आपला जिल्हा तुरीचा. गुलबर्ग्याच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. सुट्या तूरडाळीवर जीएसटी नाही. १८ जुलै २०२२ पासून लेबल लावून बंद केलेल्या २५ किलोपर्यंतच्या पाकिटावर ५ टक्के आहे. ३० किलोच्या पोत्यावर नाही. पोते फोडून तराजूवर सुटी विकली तरी नाही. घरच्या डाळीची किलो-किलोची सुंदर पाकिटे करून, आईच्या नावाचे लेबल लावून ती शहरात विकायची कल्पना आपल्या पिढीतल्या प्रत्येकाला एकदा तरी सुचते. सुचू दे, चांगली आहे. त्या लेबलासोबत ५ टक्के येतात एवढे हिशेबात धरा.

खात्यात आलेला पैसा आणि विक्री यांतला आपल्याकडचा सगळ्यात मोठा फरक उधारीचा. गावातला किराणा बाराही महिने वहीवर चालतो आणि तूर निघाली, बाजारात गेली, की जानेवारी-फेब्रुवारीत लोक एकदम चुकती करतात. त्या दोन महिन्यांत यूपीआयचा आलेख पाहाल तर वाटेल की दुकानदाराला लॉटरी लागली. जीएसटीत विक्री मोजतात ती माल दिला त्या दिवशी, पैसे आले त्या दिवशी नाही. मार्चअखेर माल दिला आणि पैसे पुढच्या वर्षी आले, तर विक्री मागच्या वर्षाची. हे सिद्ध करणारी एकच गोष्ट असते, उधारीची वही, तीही तारखेसकट. "पाटील मामा, ३,४००" एवढेच लिहिलेले आणि फिटल्यावर आडवी रेघ मारलेली वही नोटिशीला उत्तर देताना काही कामाची नाही. माल दिल्याची तारीख, रक्कम, फिटल्याची तारीख, रोख की फोनवर, एवढे चार रकाने हवेत.

आता सीमेकडे वळू. सीमाप्रश्न म्हटले की आपल्याला भाषा, शाळा आणि पाट्या आठवतात. दुकानदाराच्या बाबतीत सीमा बिलात शिरते. हे नवे नाही. निजामाच्या राज्यात आपल्या भागात हाली सिक्का चालायचा आणि शेजारच्या इंग्रजी मुलखात, सोलापुरात, कलदार. शंभर कलदारांना ११६ रुपयांच्या वर हाली मोजावे लागत, त्यामुळे इथल्या व्यापाऱ्याला हिशेब दोन नाण्यांत करता आलाच पाहिजे. शिवाय संस्थानची स्वतःची जकात, करोडगिरी, होती ती वेगळीच. नाणे एक झाले, करोडगिरी गेली, १९५६ मध्ये राज्याच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या. आळंद तालुका कर्नाटकात, शेजारचे उमरगा आणि अक्कलकोट महाराष्ट्रात. लग्नसंबंध, बाजार, दवाखाना सगळे रेषेच्या आरपार चालते. जीएसटी आला तेव्हा लोकांना वाटले, एक देश एक कर, आता सीमा मिटली. नाक्यावरची मिटली.

दुकान लहान आहे, उलाढाल १५ लाखच आहे, नोंदणी नाही. अशा दुकानदाराने करपात्र माल टेम्पोत घालून उमरग्याच्या दुकानदाराला पाठवला, तर ४० लाखांची मर्यादा त्याच्या उपयोगाची नाही. दुसऱ्या राज्यात करपात्र माल विकणाऱ्याला पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची आहे. हाच टेम्पो उलट दिशेने बारा पट लांब बंगळुरूला गेला असता तर काही नव्हते. सेवेला मात्र ही अट नाही. मंडपवाला, इलेक्ट्रिशियन, फोटोग्राफर यांनी सीमेपलीकडे काम केले तरी २० लाखांपर्यंत त्यांना सूट आहे.

आता कंपोझिशन योजना. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याने करपात्र विक्रीवर १ टक्का भरायचा, तीन महिन्यांनी एकदा चलन, वर्षातून एक विवरणपत्र. गावातल्या दुकानाला ही सोयीची आहे आणि बहुतेक सीए तीच सुचवतात. पण कंपोझिशनवाल्याला दुसऱ्या राज्यात विक्री करता येत नाही. सोलापूरहून माल खुशाल आणा, सोलापूरला विकू नका. गुलबर्गा शहरातल्या दुकानदाराला या अटीने काही फरक पडत नाही. मादन हिप्परग्याच्या दुकानदाराला पडतो, कारण त्याचे अर्धे गिऱ्हाईक पलीकडचे असू शकते.

मग पलीकडचा माणूस स्वतः दुकानात येऊन, पैसे देऊन, पिशवी उचलून गेला तर? इथे १ ऑक्टोबर २०२३ पासून एक बदल झाला आहे आणि आपल्या पट्ट्यात तो प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. गिऱ्हाईक स्वतः जीएसटी नोंदणीचे नसेल, तर विक्री कोणत्या राज्यात झाली हे बिलावर लिहिलेल्या त्याच्या पत्त्यावरून ठरते. पत्ता लिहिला नसेल तर दुकान जिथे आहे ते राज्य. आणि पत्ता म्हणजे घर नंबरच हवा असे नाही, नुसते राज्याचे नाव लिहिले तरी पत्ता लिहिला असे धरतात. म्हणजे काउंटरवर, त्याच पंख्याखाली, एकाच किमतीचे दोन मिक्सर विकले, एका बिलावर पत्ता नाही आणि दुसऱ्यावर "उमरगा, महाराष्ट्र" आहे, तर पहिली विक्री राज्यातली आणि दुसरी आंतरराज्य. नेहमीच्या नोंदणीवाल्याने दुसऱ्यावर आयजीएसटी लावायचा. कंपोझिशनवाल्याने अशा एका बिलाने योजनेची अटच मोडली. गिऱ्हाइकाने पत्ता मागितला नाही आणि रक्कम ५० हजारांच्या आत असेल तर बिलावर पत्ता घालण्याची सक्ती नाही. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो रकाना बऱ्याचदा आपोआप भरलेला असतो, मागच्या वेळी फोन नंबरसोबत साठवलेला. सेटिंग्जमध्ये जाऊन बघा. हे काम तुम्ही पुण्यात बसूनही करू शकता.

ई-वे बिलाचे थोडक्यात: ५० हजारांवरचा करपात्र माल गाडीत घालून नेताना लागते, गाडी स्वतःची असली तरी. सुट्या धान्यासारख्या करमुक्त मालाला लागत नाही.

नोंदी ठेवण्याबद्दल वडीलधाऱ्यांची एक तक्रार नेहमी असते: पाच रुपयांच्या शाम्पूच्या पुडीला बिल करत बसू काय? करायचे नाही. २०० रुपयांच्या आतली विक्री असेल, गिऱ्हाइकाने बिल मागितले नसेल आणि तो नोंदणीचा व्यापारी नसेल, तर दिवसअखेर सगळ्यांचे मिळून एकच बिल फाडता येते. बाकी बिलांना सलग क्रमांक हवेत, दर एप्रिलला नवी मालिका. एकाच दुकानात दोन बिलबुके, एक "पक्के" आणि एक "कच्चे", ही जुनी सवय आहे. कच्च्यावर रोख येत होती तोवर ती चालली. आता कच्च्याचेही पैसे फोनवर येतात आणि फोनवरचा आकडा पक्क्या बुकाशी जुळत नाही.

कागद किती वर्षे ठेवायचे? वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. २०२४-२५ च्या विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२५, म्हणजे त्या वर्षाची बिले ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत. थर्मल कागदावरचे खरेदीचे बिल सहा महिन्यांत कोरे होते, त्याचा फोटो त्याच दिवशी काढून महिन्याच्या फोल्डरमध्ये टाकावा. लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा जरूर करावी; सरकारचे वर्ष मात्र एप्रिलला सुरू होते आणि दिवाळीत उघडलेली वही मधोमध दोन वर्षांत कापली जाते.

आयकराची भीती बहुतेकांना उगाच असते. २ कोटींपर्यंतच्या धंद्याला अंदाजे नफ्याची सोय आहे: रोख विक्रीवर ८ टक्के, बँकेतून किंवा फोनवर आलेल्या विक्रीवर ६ टक्के नफा धरायचा. ३० लाखांची विक्री सगळी रोखीत असेल तर नफा २ लाख ४० हजार, सगळी फोनवर असेल तर १ लाख ८० हजार. यूपीआय बंद करून रोखीकडे पळणारा माणूस आपला कागदोपत्री नफा स्वतःच वाढवून घेतो. या आकड्यांवर गावातल्या बहुतेक दुकानांना कर लागतच नाही, आणि तरी विवरणपत्र भरावे, कारण बँक कर्जाला तेच मागते. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून इथे क्रमांक देत नाही.)

करापेक्षा आपल्या घरांत जास्त दुर्लक्ष होते ते कामावर ठेवलेल्या माणसांकडे. "आमच्याकडे नोकर नाही, पोरासारखा आहे," हे वाक्य किती दुकानांत ऐकले असेल. पोरासारखा असेल तर त्याची हजेरी आणि पगार लिहिलेला असायला हवाच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतली वेतन संहिता दुकानात एकच माणूस असला तरी लागू होते. किमान वेतन, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, पगाराची चिठ्ठी, आणि माणूस काम सोडून गेला किंवा काढला तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब. "दिवाळीनंतर बघू" हे आता चालत नाही.

१० माणसे झाली की ईएसआय, २० झाली की पीएफ. डाळ मिल किंवा वीटभट्टी असणाऱ्यांनी लक्षात ठेवायचे ते हे की एकदा २० झाले आणि कायदा लागू झाला, की पुढे माणसे १२ वर आली तरी तो सुटत नाही. हंगामापुरते चार जण वाढवण्याआधी मोजणी करावी.

इथेही सीमा आहेच. माणूस कुठे राहतो हे बघायचे नाही, काम कुठे करतो ते बघायचे. उमरग्याहून रोज मोटारसायकलवर आळंदला येणाऱ्याला कर्नाटकचे किमान वेतन लागू होते. व्यवसाय कराचा फरक तर मजेशीर आहे. महिना १५ हजार पगार असलेल्या पुरुष कामगाराला उमरग्याच्या दुकानात महिन्याला २०० रुपये कापावे लागतात, फेब्रुवारीत ३००. आळंदच्या दुकानात शून्य, कारण कर्नाटकात २५ हजारांपासून कापतात. बाई असेल तर महाराष्ट्रातही २५ हजारांपर्यंत शून्य. दोन्हीकडे दुकान असणाऱ्या घराने दोन पगारपत्रके ठेवायची. जीएसटीच्या नोंदण्याही दोन. फक्त मर्यादेसाठी उलाढाल मोजताना दोन्ही दुकाने एकाच पॅनखाली एकत्र धरली जातात.

लहान मुलांचे स्पष्ट आहे. स्वतःच्या घरच्या दुकानात, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, मूल गल्ल्यावर बसले तर कायद्याला हरकत नाही. शेजाऱ्याचे १४ वर्षांखालचे मूल चहाचे ग्लास धुवायला ठेवले तर तो गुन्हा आहे, त्याच्या आईने हात जोडून सांगितले असले तरी.

आणि उचल. आपल्या भागात कामाचा सौदाच उचलीने होतो. मुलीच्या लग्नाला, दवाखान्याला, मिरगाच्या बियाण्याला माणूस ३० हजार मागतो, मालक देतो, आणि ते पगारातून फिटत राहतात. उचल देणे बेकायदा नाही. पगारातून सगळी कपात मिळून निम्म्याच्या वर जाता कामा नये, एवढी मर्यादा आहे. पण "उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जायचे नाही" असे म्हणून माणूस अडवून ठेवला, तर ती १९७६ च्या कायद्याने बंद केलेली वेठबिगारी होते. मालकाच्या मनात तसे काही नसले तरी वहीत उचलीचा आकडा फक्त मालकाच्या हातचा असतो, आणि तीन वर्षांनी ३० हजारांचे १८ राहिले की २४, यावर भांडण होते. मजुराकडे सांगायला काहीच नसते. त्यामुळे उचलीची वही दोन ठेवाव्यात, एक दुकानात आणि एक त्याच्या घरी, शाळेच्या दहा रुपयांच्या वहीची चालेल. दर महिन्याला पगार देताना दोन्हीत एकच आकडा लिहायचा आणि दोघांनी सही करायची. त्याला वाचता येत नसेल तर त्याची शाळेत जाणारी मुलगी वाचून दाखवेल, मराठीत किंवा कन्नडात.